पवनार ते पत्रादेवी रस्ता झाल्यावर हरमल उरन का, अन् आपलं गाव?

देवळीकर_किचनवाला

शक्तीपीठ महामार्गावर आपल्याकडं जी चर्चा होऊन रायली ती सगळी एकाच गोष्टीवर, मोबदला किती भेटन. मले दुसरंच विचारायचं आहे. मूळ आराखड्यात हा रस्ता ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यातून जाते, एक टोक आपलं पवनार अन् दुसरं पत्रादेवी. पत्रादेवी म्हणजे गोव्याच्या पेडणे तालुक्याची वेस. त्याच पेडण्यात हरमल आहे, तिथं मी सीझनले एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, ऑक्टोबर ते मे तिकडं अन् पावसाळ्यात इकडं वावरात. तर रस्ता झाल्यावर हरमलचं काय होईल, अन् जे हरमलचं होऊन रायलं तेच या टोकाले आपल्या गावाचं व्हायचं नसन तर आपण आतापासून काय केलं पाहिजे, यावर बोला.

ज्यांनी हरमल पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुळात मासेमारी करणारं गाव, मागं भाताचे वावरं अन् काजूचे डोंगर. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्यानंतर काही वर्षांतच फॉरेनचे हिप्पी लोक यायले लागले, पयले कळंगुट मग हणजूण. हणजूणचा बुधवारचा बाजार त्याइचाच, जवळचे पैसे संपले का कॅमेरे, कपडे, गिटार आणून विकत. तिथं गर्दी झाली तसे ते उत्तरेकडं सरकले. शिवोली-चोपड्याचा पूल व्हायच्या आधी शापोरा नदी फेरीबोटीनं ओलांडा लागे म्हणून हरमल लय वर्षं आपल्या चालीनं राहिलं. मासे धरणाऱ्या घराइनं दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या, पाहुणा महिना-महिना राहायचा, घरचीच माशाची कढी अन् भात खायचा. कोणी बासरी वाजवते, कोणी मणी ओवते, कोणी योगा शिकवते. संध्याकाळी किनाऱ्यावर ढोल घेऊन गोल करून बसतात, कोणाले तिकीट नाही, कोणी मालक नाही. किनाऱ्याच्या टोकाले वळसा घातला का गोड्या पाण्याची तळी आहे, एका हाताले समुद्र अन् एका हाताले गोडं पाणी.

हे सगळं मस्त आहे म्हणून सांगत नाही. सांगायचं हे आहे की तेव्हा घर ज्याचं त्याचंच होतं. गिऱ्हाईक कुठलाही असो, भाडं मासेवाल्या बाईच्या हातात पडे.

आता ११ डिसेंबर २०२२ आठवा. सकाळी पंतप्रधान नागपुरात होते, समृद्धीचा पयला टप्पा सुरू केला, अन् त्याच दिवशी संध्याकाळी गोव्यात जाऊन मोपा विमानतळाचं उद्घाटन केलं. मोपा पण पेडण्यातच. तेव्हापासून जमिनीचा जो बाजार तिथं चालला तो मी पाहून रायलो. दिल्ली, हैदराबाद, मुंबईचे लोक येतात, डोंगर घेतात, भाताचं वावर घेतात. महिनाभर राहणारा पाहुणा कमी अन् दोन रात्रीचा जास्त. आमच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या मावशीच्या नवऱ्याची त्याच रस्त्यावर जमीन होती. विकली, पैसे आले, गाडी घेतली, घर बांधलं, पैसे सरले. आता ती त्याच जागेसमोरून कामाले येते.

माझं म्हणणं एवढंच. पर्यटक आल्यानं गाव बुडत नाही, जमीन गेल्यानं बुडते. म्हणून रस्त्याच्या आजूबाजूच्या आपल्या गावाइनं आत्ताच ग्रामसभेत ठरवावं, हॉटेल येऊ द्या, ढाबा येऊ द्या, रिसॉर्ट येऊ द्या, पण जमीन भाडेपट्ट्यानं, विक्री नाही.

कापूसवाला_आर्णी

भाऊ, वाचून चांगलं वाटलं पन मी तुमच्या साफ इरोधात हाय.

तुमी जमीन इकू नका म्हंता. जमीन ठेवून काय करू ते सांगा. लांब धाग्याच्या कापसाले २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलले ८११० रुपये होता, अन् ऑगस्ट २०२५ मधी सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ करून टाकलं, तवा आमच्या पऱ्हाटीले बोंडं धरत होते. बाजारात भाव काय भेटला तुमाले मालूम हाय. त्यात बोंडअळी, त्यात पाऊस दिवाळीलोक. सोयाबीनचं तं नावच काढू नका. मंग मायासारख्याच्या दारात कोनी येऊन म्हनलं का एकराले इतके देतो, तं म्या कायले नाई म्हनावं? गाव सुंदर दिसावं म्हून?

अन् हरमलचं पन आयका. तुमाले ते गाव आवडते कारन ते स्वस्त होतं, साधं होतं. साधं म्हंजे गरीब. फॉरेनच्या मानसाले दोन खोल्याचं घर अन् चुलीवरचा मासा लय आवडते, पन त्या खोलीतली बाई तिच्या पोराइले काय शिकवू शकली, दवाखान्याले कुठं गेली, हे कोनी इचारलं का? ते लोकं थंडी सरली का आपल्या देशात निघून जायचे. पावसाळ्यात गाव एकटंच. आपल्या गावाची गरिबी कोनाच्या डोळ्याले सुख देते म्हून ती जपून ठेवाव, हे मले मान्य नाई.

समृद्धीत ज्याइची जमीन गेली त्याइले रेडीरेकनरच्या पाचपटपर्यंत भेटले. काही बुडाले, हाव, खरं हाय. पन काहींनी दुसऱ्या गावात दुप्पट जमीन घेतली, पोरगी डॉक्टर केली. त्याइचं कोनी सांगत नाई.

जिप्सीवाला_मोहर्ली

आमच्याकडे समुद्र नाही पण हेच सगळं झालेलं आहे म्हणून लिहितो. ताडोबा १९५५ चं राष्ट्रीय उद्यान, पण गर्दी खरी मागच्या पंधरा-वीस वर्षांतली. मोहर्ली, कोलारा, दोन्ही गेटकडे जाऊन बघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूनं रिसॉर्ट. त्यात गावच्या माणसाच्या मालकीचे किती ते बोर्ड वाचूनच कळते.

पण एक फरक आहे आणि तोच मुद्दा आहे माझा. जंगलात जी जिप्सी जाते तिचा ड्रायव्हर आणि गाईड लोकल गावचा घ्यायचा ही पद्धत आहे. त्यामुळे माझ्यासारखे कितीतरी पोट्टे गावात राहिले, नाहीतर पुण्याला कंपनीत गेले असते. म्हणजे जमीन विकल्यावरही गाव पूर्ण नाही मेलं, कारण काम गावाच्या हातात राहिलं. देवळीकर भाऊ जमिनीवरच अडून आहेत, मी म्हणतो कामावरचा हक्क जमिनीपेक्षा मोठा आहे. हरमलमध्ये हॉटेलात काम कोण करते? तुम्हीच सांगितलं, देवळीचा माणूस. म्हणजे हरमलच्या पोट्ट्यांना ते काम नको आहे किंवा मालकाला ते नको आहेत.

आणि कापूसवाल्या दादाला पण सांगतो, आमच्याकडे जमीन विकली त्यात लोभ कमी होता. बफरमधल्या, म्हणजे जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यातल्या, वावरात रात्री जागल करायची, रानडुकरं, निलगाय, आणि वाघ कधी येईल सांगता येत नाही. धानाचं वावर राखता राखता माणसं गेली आहेत आमच्या तालुक्यात. असं वावर कोणी चांगल्या भावानं मागितलं तर बाप विकणारच. तेव्हा "विकू नका" म्हणायच्या आधी वावर कसता येईल असं करा.

नागपूर_टू_एनीव्हेअर

मी तीन वेगवेगळ्या सीझनला हरमलला राहिलोय आणि माझं मत थोडं कडक आहे. हे "जुनं हरमल गेलं" वालं रडणं मला पटत नाही. जुनं हरमल कोणासाठी होतं? ज्याच्याकडे सहा महिने सुट्टी आणि बाहेरच्या देशाचं चलन होतं त्याच्यासाठी. आपल्या विदर्भातल्या माणसाला समुद्र म्हणजे एक दिवस-एक रात्र प्रवास, वाकोद्याचा एखादा शेतमजूर जन्मात समुद्र बघत नाही. रस्ता झाला आणि तो आठ-दहा तासांत पोरांना घेऊन समुद्रावर पोचला तर त्यात वाईट काय आहे? दोन रात्रीचा पाहुणा म्हणून तुम्ही नाक मुरडता, पण दोनच रात्री परवडतात हो माणसाला! भारतीय फॅमिलीवाला आला की गाव बिघडलं आणि गोरा आला की कलाकारांचं गाव, हे मोजमाप आपण तरी वापरू नये.

हां, कचरा, मोठ्यानं लावलेलं म्युझिक, दारू पिऊन पाण्यात जाणं, हे बंद झालंच पाहिजे. त्याला पोलीस आणि पंचायत आहे. त्यासाठी रस्ता अडवायची गरज नाही.

देवळीकर_किचनवाला

नागपूरवाले भाऊ, मी रस्ता अडवा असं कुठंच म्हटलं नाही. माझ्या आईनं समुद्र पाहिला नाही, तिले न्यायचं माझ्या मनात आहे. पण तिथं पोचल्यावर ती खोली कोणाकडून भाड्यानं घेईल हा माझा प्रश्न आहे.

कापूसवाले दादा, तुमचा राग समजते. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समृद्धीत जमीन सरकारनं घेतली, तो रस्ता झाला, त्याचा भाव कायद्यानं ठरला. मी बोलून रायलो रस्त्याच्या कडेच्या जमिनीबद्दल. रस्ता यायच्या आधी ती स्वस्तात जाते अन् रस्ता झाल्यावर दहा हात फिरून महाग होते, मधला सगळा पैसा ज्यानं वावर कधी नांगरलं नाही त्याच्या खिशात. हे पेडण्यात झालं, आपल्याकडं इंटरचेंज कुठं येणार ते आपल्या आधी ज्याइले कळते ते लोक फिरून रायले.

पेडण्याची_सून

माझं माहेर वणी, सासर पेडण्यात, हरमलपासून लांब नाही. दोन्हीकडची म्हणून लिहिते, देवळीकरांनी जे चित्र काढलंय ते अर्धं आहे.

पहिलं म्हणजे पेडण्यातल्या सगळ्यांची जमीन आपली कधीच नव्हती. इथं मोठे भाटकार, म्हणजे जमीनदार, बाकीचे कूळ नाहीतर मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहिलेले. मुंडकार कायदा १९७५ चा, पण घराखालची जागा नावावर व्हावी म्हणून लोक अजून कचेरीत खेटे घालतायत. तेव्हा "जमीन विकली म्हणून गाव गेलं" हे ज्याच्याकडे जमीन होती त्याच्यापुरतं खरं. ज्याच्याकडे नव्हती त्याला किनाऱ्यावरच्या पाहुण्यानं पहिल्यांदा स्वतःचा पैसा दिला. माझ्या सासूबाई सांगतात, त्यांच्या ओळखीतल्या बायांनी खोल्यांच्या भाड्यावर पोरांना बारावीपर्यंत नेलं.

दुसरं, तुमच्या लाडक्या हिप्पींबद्दल. त्यांच्यात चांगलेही होते, पण नशेचा धंदा पण त्यांच्याच मागून आला, आणि गावच्या पोरांना लागला. आमच्या लोकांना किनाऱ्यावर बायका-मुलांना घेऊन जायला संकोच वाटायचा. हे कोणी प्रेमानं लिहीत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. हरमलच्या गिरकरवाड्यातली किनाऱ्याला लागून असलेली बेकायदा बांधकामं हायकोर्टापर्यंत गेली, ती काय सगळी दिल्लीवाल्यांची होती का? नाही. बरीचशी गावच्याच लोकांची, आधी झावळ्यांची खोली, मग सिमेंटची, मग वर एक मजला. जमीन आपल्याच हातात राहिली तरी माणूस समुद्राच्या तोंडापर्यंत बांधतो. तेव्हा मालकी गावाची म्हणजे गाव वाचलं, असं नाही होत.

सरकारचं पण सांगते. २०२३ मध्ये गोव्यानं एक कायदा केला की भातशेती शेतकऱ्यालाच विकायची. चांगला कायदा. आणि त्याच वर्षी नगर नियोजन कायद्यात कलम १७(२) घातलं, त्यात आराखड्यातली "चूक दुरुस्ती" म्हणून एकेकाची शेतजमीन, डोंगर सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे बांधकाम चालतं अशा भागात, टाकता येऊ लागला. लोक कोर्टात गेले, मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं त्याचे नियम रद्द केले. पण तोवर डोंगर कापलेले. विकलं कोणी आणि घेतलं कोणी यापेक्षा झोन कोण बदलतो ते बघा. तुमच्याकडे एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, कोण करून देतो ते बघा.

देवळीकर_किचनवाला

ताई, गिरकरवाड्याचं तुम्ही बरोबर सांगितलं, मी तिथूनच रोज कामाले जातो. पण एक बघा. गावचा माणूस बेकायदा बांधते तेव्हा पंचायत, शेजारी, कोर्ट, सगळे त्याले ओळखतात, त्याले उत्तर द्यावं लागते. कंपनीच्या नावानं डोंगर घेतलेला माणूस कोण हे हरमलमध्ये कोणालेच माहीत नसते. जाब कोणाले विचारायचा? मालकी गावाची असली म्हणजे सगळं चांगलं होते असं नाही, पण भांडायले समोर माणूस तरी असते.

झोनचं म्हणणं मात्र शंभर टक्के.

स्पर्धापरीक्षा_वाशीम

कायद्याचं कोणीतरी नीट मांडायला हवं म्हणून लिहितो. विदर्भासाठी वेगळा कूळ कायदा आहे, १९५८ चा, त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येत नाही. पण घेणाऱ्यानं कुठलातरी सातबारा दाखवला की तो शेतकरी झाला, आणि एनए झाल्यावर तर प्रश्नच नाही. आदिवासी जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६अ आहे, विक्रीलाच नाही तर भाडेपट्ट्याला आणि गहाणालासुद्धा परवानगी लागते. म्हणजे देवळीकर म्हणतात तो भाडेपट्टा आदिवासी शेतकऱ्याला परस्पर करता येणारच नाही.

आणि साधी ग्रामसभा "विक्री बंद" ठराव करू शकते, पण त्यानं दुय्यम निबंधकाकडची रजिस्ट्री थांबत नाही. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, त्या क्षेत्रात ग्रामसभेला वजन आहे. वर्धा जिल्ह्यात पेसा नाही. तेव्हा ठरावाच्या भरवशावर राहू नका.

निवृत्त_मास्तर_सेलू

वाशीमच्या मुलाने कायदा चांगला मांडला, पण एक कायदा राहिला आणि तो आपल्या घरचा आहे. हा महामार्ग जिथून निघणार ते पवनार म्हणजे धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम. १९५१ मध्ये भूदान सुरू झाले, पुढे ग्रामदान आले, आणि महाराष्ट्रात १९६४ चा ग्रामदान कायदा झाला, तो अजून आहे. ग्रामदानी गावात जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसणारा कसत राहतो, त्याची मुले कसतात, पण गावाबाहेरच्याला विकता येत नाही.

हे जुने स्वप्न आहे म्हणून हसू नका. गडचिरोलीतील धानोरा तालुक्यातले मेंढा लेखा बघा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, बांबू स्वतः विकला. आणि २०१३ मध्ये सगळ्या घरांनी आपली खासगी शेतजमीन ग्रामदानात द्यायचे ठरवले. गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव, तिथेही २०१२ पासून गाव आपला बांबू आपण विकते. ही गावे शहाण्यांच्या सल्ल्याने उभी राहिली नाहीत. वर्षानुवर्षे बसून, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलून उभी राहिली. हरमलला असे बोलायला वेळ मिळाला नाही, आपल्याला अजून आहे. रस्त्याचा एकही खांब आपल्या शिवारात उभा राहिलेला नाही.

कापूसवाला_आर्णी

गुरुजी तुमचा मान ठेवून सांगतो. मेंढ्याले जंगल हाय, बांबू हाय, एकाच समाजाचं गाव हाय, घरं मोजकीच. आमच्या गावात बारा जाती, तीन पुढारी, धुऱ्याच्या इतभर जागेसाठी भाऊ-भाऊ कोर्टात. तिथं सगळ्याइची संमती म्हंजे काय ते तुमालेही ठाऊक हाय. अन् जमीन गावाच्या नावावर गेली तं बँक पीककर्ज कोनाच्या सातबाऱ्यावर देईन? पोरीच्या लग्नाले, दवाखान्याले, अडीनडीले मानूस जमीनच इकते ना. तो त्याचा शेवटचा इमा हाय. तोच काढून घेता अन् म्हंता गाव वाचलं.

वावरवाली

सगळे दादालोक जमीन विकावी का ठेवावी यावर बोलून राहिले. ती जमीन कोणाची हे कोणीच विचारलं नाही.

माझे मालक गेले, कर्ज होतं. वावर त्यांच्या नावावर, मग फेरफार करून माझं नाव लागायला किती वर्षं गेली ते मीच जाणते. त्या काळात दिराकडे दोनदा माणूस येऊन गेला, म्हणे रोडटच आहे, ढाब्यासाठी द्या. घरात मला कोणी विचारलं नाही, मी चहा केला. तेव्हा सौदा झाला असता तर मी आज मजुरीला असते. वावर राहिलं म्हणून मी आज दोन म्हशी ठेवल्या, तूर-कापूस घेते, भाव कमी असला तरी घरात कोणापुढं हात पसरत नाही. कापूसवाले दादा म्हणतात शेवटचा विमा, पण तो विमा मोडताना सही बाईची असते का?

समृद्धीच्या पैशाचं पण तसंच बघितलं मी, आमच्या नात्यात. चेक ज्याच्या नावाचा त्यानं गाडी घेतली, बायकोला पास झालेली रक्कम पेपरातून कळली. २००५ च्या कायद्यानं मुलीला बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत सारखा हिस्सा आहे, पण मोबदला यायच्या आधी पोरींकडून हक्कसोड करून घेतात, राखीला साडी देतात. शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती चालवली होती, बायकोचं नाव सातबाऱ्यावर आणा म्हणून, माझ्या सासऱ्यांच्या पिढीतल्या काही घरांनी तेव्हा केलं, ती घरं वेगळी दिसतात आजही.

ठराव करायचाच तर पहिला हा करा. सातबाऱ्यावर बाईचं नाव, अन् विक्री असो का भाडेपट्टा, तिची सही. मग बघा किती जमिनी विकल्या जातात ते.

जिप्सीवाला_मोहर्ली

ताई, हे खरं आहे. आमच्याकडे जे दोन-चार होमस्टे चांगले चालतात ते बायकाच चालवतात. रिसॉर्टला विकलेल्या जमिनीचे व्यवहार सगळे माणसांनी केले.

गडचिरोलीचा_कुक

मी पण गोव्यात आहे, बार्देशात. कामावरच्या हक्काची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाईटक्लबला आग लागली, २५ जण गेले. त्यातले बहुतेक पाहुणे नव्हते, काम करणारी पोरं होती, झारखंड, आसाम, उत्तराखंडची. आम्ही सगळे त्या आठवड्यात रात्री झोपलो नाही, कारण आमचं पण किचन तसंच आहे, एकच दार, गॅस सिलेंडर दाराजवळ. मी मालकाला दुसऱ्या दाराबद्दल बोललो तर म्हणाला सीझन संपू दे.

हरमलचं जुनं रूप गेलं, जमीन गेली, झोन बदलला, सगळं बरोबर असेल. पण या धाग्यात आमचं नाव कोणी घेत नाही. गाव गावच्या लोकांचं राहिलं पाहिजे म्हणता, मग आम्ही कोण? आम्ही आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावात राहतो, तिथले लोक आम्हाला बाहेरचे म्हणतात, जे आम्हाला कामावर ठेवतात ते पण बाहेरचेच. उद्या शक्तीपीठच्या कडेला हॉटेल झाले तर तिथं पण हेच होईल, वर्ध्याचा पोरगा गोव्यात भांडी घासेल आणि वर्ध्यात बिहारचा पोरगा. ठरावात हे पण टाका, की जो कोणी काम करेल, कुठलाही असो, त्याला पगाराची चिठ्ठी, विमा आणि मागचं दार.

नागपूर_टू_एनीव्हेअर

हे वाचून गप्प झालो. गेलेली माणसं कोण होती हे बातमीत वाचलं होतं पण आपल्याकडच्या पोरांशी जोडलं नव्हतं. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही, सामान्य माणसाला समुद्रावर जाता यावं. फक्त बुकिंग करताना हॉटेल कोणाचं हे विचारायला हरकत नाही, घरगुती खोली मिळत असेल तर तीच घ्यावी. मी घेतो, आणि ती स्वस्त पण पडते.

देवळीकर_किचनवाला

एवढे लोक बोलले, माझं मत बदललं नाही पण ते आता जास्त नेमकं झालं, म्हणून परत लिहितो.

भाडेपट्ट्याचं मी उगाच नाही म्हणत. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याचे झोपडे, कसे चालतात ते पाहा. लाकूड-बांबूचा शॅक, सीझनपुरतं लायसन, पावसाळ्याआधी काढून टाकायचा, अन् लायसन गोव्याच्याच माणसाले. कागदावर एवढी चांगली योजना दुसरी नसन. पण कितीतरी ठिकाणी लायसन गावच्या माणसाच्या नावानं अन् चालवणारा दुसराच. गावच्या माणसाले घरी बसून ठरलेली रक्कम येते, नियमात पोटभाडं बंद आहे तरी. का होते असं? कारण शॅक उभा करायले लाखो रुपये लागतात, ते मासेवाल्याकडं नसतात, बँक त्याले देत नाही, दिल्लीवाला देते. कापूसवाले दादा जे म्हणून रायले तेच हे आहे. भांडवल नसलं तर मालकी नावापुरती राहते.

म्हणून नुसतं "विकू नका" पुरणार नाही. इंटरचेंजजवळच्या जमिनीवाल्यांनी मिळून शेतकरी कंपनी करावी, आपल्याकडं कापसाच्या, तुरीच्या कंपन्या आहेतच, तशीच जागेची. कर्ज कंपनीच्या नावानं काढा, हॉटेलवाल्याले जागा दहा-पंधरा वर्षांच्या रजिस्टर कराराने, दर तीन वर्षांनी भाडं वाढन असं लिहून, पोटभाडेकरू बंद. करारावर वावरवाली ताई म्हणते तशी घरच्या बाईची सही. अन् कुक भाऊनं सांगितलेलं मागचं दार त्याच करारात. वाशीमवाले भाऊ म्हणतात ते खरं, साध्या ठरावानं रजिस्ट्री थांबत नाही. पण करार मोडला तर निदान कोर्टात जाता येते.

आदिवासी शेतकऱ्याचं वेगळं आहे, तिथं परवानगीशिवाय काहीच नको, तो कायदा त्याच्या भल्याचा आहे.

आमच्या गावात १ मेच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. मास्तर, तुम्ही याल का?

निवृत्त_मास्तर_सेलू

येतो. ग्रामदान कायद्याची प्रत आणतो. आधी एक करा, सभेच्या आठवडाभर अगोदर महिलांची वेगळी सभा होते ना, कागदावर होते तशी नको, खरी घ्या. मेंढ्यात कोणताही निर्णय बायकांशिवाय होत नाही, तिथून शिकण्यासारखे हेच जास्त आहे.

पेडण्याची_सून

आणि करार करण्याच्या आधी तुमच्या तालुक्याचा विकास आराखडा काढून बघा, कुठला सर्वे नंबर कोणत्या झोनला चाललाय. हरकती मागवतात तेव्हा तीस-साठ दिवसांची मुदत असते, नोटीस पेपरात कुठंतरी कोपऱ्यात येते. आमच्याकडे बहुतेक गावांना मुदत संपल्यावर कळलं. सुट्टीत वणीला आले की मीच तुम्हाला गोव्यातले हरकतीचे नमुने दाखवीन, आमच्या गावानं दिलेले आहेत.

कापूसवाला_आर्णी

कंपनीचं पटते थोडं. आमच्याइकडं तुरीची कंपनी काढली होती, दोन वर्षात संचालकाच्याच घरात गेली, तेही सांगून ठेवतो. हिशेब दर महिन्याले चावडीवर लागन तं मी सभासद होतो. नाई तं नाई.

पन "विक्री नाई" यावर मी सही करनार नाई. ज्याच्या घरी दवाखाना हाय, ज्याच्या डोक्यावर सावकार हाय, त्याले इकाची मोकळीक पायजे. पयला हक्क कंपनीचा ठेवा, बाजारभावानं कंपनीनं घ्यावं, तीन महिन्यात नाई घेतलं तं त्यानं पाहिजे त्याले इकावं. एवढं लिवा मंग बोलू.

वावरवाली

तीन महिने कमी आहेत. सहा करा.

कापूसवाला_आर्णी

ताई, दवाखाना सहा महिने थांबत नाई. तीन.